५० गिगापास्कल दाबाखालचे हेमटाइट : एका विधानाची तपासणी

एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या सत्रातील एका प्रकल्प-अहवालाच्या कच्च्या मसुद्यातले एक वाक्य हा या प्रकरणाचा विषय आहे. वाक्य असे होते : “सुमारे ५० गिगापास्कल दाबाला हेमटाइटचे चुंबकत्व नष्ट होते आणि ते धातू बनते.” मुंबईतल्या ज्या महाविद्यालयात मी घनावस्था भौतिकी शिकवते, तेथे असा दाब निर्माण करण्याची सोय नाही. त्यामुळे हेमटाइटसारख्या लोहाच्या ऑक्साइडांवर अतिउच्च दाबाखाली झालेल्या प्रयोगांचे प्रसिद्ध निष्कर्ष वाचणे आणि ते एकमेकांशी ताडून पाहणे, एवढेच या प्रकल्पाचे काम ठरले होते. विद्यार्थिनीने वाचन मन लावून केले होते आणि वाक्यही हवेतून आलेले नव्हते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या शोधनिबंधाचा तो जवळजवळ सारांशच होता. तरीही ते आहे तसे अहवालात जाऊ देणे योग्य नाही, असे माझे मत झाले.

त्या एका वाक्यात चार दावे एकत्र बांधलेले आहेत. पहिला दाबाच्या आकड्याचा, दुसरा चुंबकत्व संपण्याचा, तिसरा विद्युतवहनातल्या बदलाचा. आणि चौथा, जो शब्दांत उच्चारलेला नाही, तो असा की हे सारे स्फटिकातल्या प्रत्येक लोह-अणूला एकाच वेळी लागू होते. या चार दाव्यांचे पुरावे निरनिराळ्या उपकरणांतून येतात आणि प्रत्येक उपकरणाला दिसणारी गोष्टही निराळी असते. तपासणीअंती सर्वांत कच्चा निघाला तो हा चौथा, गृहीत धरलेला दावा. तो कसा कच्चा निघाला, हे सांगण्यासाठी आधी पदार्थाची ओळख करून घेणे आवश्यक आहे.

पदार्थ

हेमटाइट आपल्या नित्य परिचयाचे आहे. तुळशीवृंदावनाला किंवा वारली चित्रांच्या भिंतीला लावायच्या गेरूचा रंग याच खनिजाचा. माथेरानच्या तांबड्या मातीत ते आहे, सिंधुदुर्गातल्या रेडीच्या लोहखनिजात आहे आणि लोखंडी खिडकीच्या गजावर मुंबईच्या दमट हवेत धरणाऱ्या गंजातही त्याचा अंश असतो. लोहाचे दोन आणि ऑक्सिजनचे तीन अणू अशी त्याची घडण असून त्याची स्फटिकरचना कोरंडमची, म्हणजे माणिक आणि नीलम ज्या रचनेत घडतात तीच आहे. प्रत्येक लोह-अणूभोवती ऑक्सिजनचे सहा अणू असतात आणि सर्व लोह-अणू सारखेच, तीन धनभारांचे असतात. या ‘सर्व सारखेच’ची आठवण पुढे ठेवावी लागेल.

तीन धनभारांच्या लोहाकडे ३डी ऑर्बिटलांत, म्हणजे अणूतल्या ‘३डी’ नावाच्या गटातील इलेक्ट्रॉनांच्या जागांत, पाच इलेक्ट्रॉन असतात. ऑर्बिटलेही पाचच आहेत. साध्या दाबाला प्रत्येक इलेक्ट्रॉन आपापल्या ऑर्बिटलात एकटा राहतो आणि पाचांचे स्पिन (इलेक्ट्रॉनाला अंगभूत चुंबकत्व देणारा गुणधर्म) एकाच दिशेला असतात. ही उच्च-स्पिन अवस्था होय. तिचे एकूण स्पिन ५/२ भरते आणि म्हणून लोहाचे चुंबकीय परिबल, वर्गात आपण ज्याला मोमेंट म्हणतो ते, मोठे असते. अर्धवट भरलेल्या ऑर्बिटलांच्या अशा पदार्थातून, ऊर्जापट्ट्यांच्या साध्या हिशेबाने, वीज सहज वाहायला हवी. प्रत्यक्षात ती वाहत नाही. एका अणूवरचा इलेक्ट्रॉन शेजारच्या अणूवर गेला, तर तेथे आधीच असलेल्या इलेक्ट्रॉनांशी होणारे प्रतिकर्षण त्याला परवडत नाही, म्हणून जो तो आपल्या जागी खिळून राहतो. असे निरोधक, म्हणजे वीज वाहू न देणारे पदार्थ, भौतिकशास्त्रज्ञ मॉट यांच्या नावाने ओळखले जातात. हेमटाइटमधील ऊर्जादरी सुमारे २ इलेक्ट्रॉनव्होल्टची आहे. निळा-हिरवा प्रकाश ती शोषून घेते आणि गेरू तांबडा दिसतो. म्हणजे वृंदावनाचा रंग आणि इलेक्ट्रॉनांचे हे खिळून राहणे या दोन्हींचा एकमेकांशी जवळचा संबंध आहे.

जागी खिळलेल्या या चुंबकीय परिबलांना शेजाऱ्यांशी जुळवून घ्यावे लागते आणि ते जुळवणे ऑक्सिजनच्या मध्यस्थीने होते. सुमारे ९५५ केल्विनच्या खाली लगतच्या थरांतील परिबले एकमेकांच्या उलट दिशांना लागतात, म्हणजे हेमटाइट प्रतिलोहचुंबकीय असते. सुमारे २६० केल्विनच्या वर ही उलट जुळणी किंचित तिरकी होते आणि त्या तिरकेपणामुळे क्षीण असे बाह्य चुंबकत्व शिल्लक राहते. २६० केल्विन म्हणजे शून्याखाली सुमारे १३ अंश सेल्सिअस. मुंबईच्या टेबलावर ठेवलेला हेमटाइटचा तुकडा बाराही महिने या तिरक्या अवस्थेतच असतो.

दाबाचा आकडा

१ गिगापास्कल म्हणजे ढोबळमानाने दहा हजार वातावरणे. ५० गिगापास्कल म्हणजे पाच लाख. पृथ्वीच्या पोटात सुमारे १२०० किलोमीटर खोलीवर हा दाब असतो. प्रयोगशाळेत तो हिऱ्यांच्या ऐरणीने निर्माण करतात. ही पद्धत १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत रूढ झाली. आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात राजगोपाल चिदंबरम आणि सतिंदर कुमार सिक्का यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी उच्च दाबाच्या भौतिकीची परंपरा उभी केली. मुंबईतल्या विद्यार्थ्याने हा विषय हाती घेताना ती माहीत असावी, असे मला वाटते.

शहरातल्या एका प्रयोगशाळेत आम्हांला हिऱ्यांच्या ऐरणीचे असे उपकरण, म्हणजे सेल, जवळून पाहता आला. तो मुठीत मावतो. दोन हिरे टोकाला टोक लावून समोरासमोर बसवलेले असतात, पण टोक घासून त्याचे सपाट तळहातासारखे पृष्ठ केलेले असते आणि त्या पृष्ठाचा व्यास ३०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या एक-तृतीयांशाहूनही कमी असतो. दोहोंच्या मध्ये ऱ्हेनियमच्या पातळ पत्र्याचे गॅस्केट, त्याला मधोमध पाडलेले केसाच्या जाडीचे छिद्र, आणि त्या छिद्रात नमुन्याचा कण, माणकाचा त्याहून लहान कण आणि दाब सर्व बाजूंनी सारखा पोहोचावा म्हणून भरलेला निऑनसारखा वायू. आकाराच्या मानाने लागणारे बल आश्चर्य वाटावे इतके थोडे आहे : ३०० मायक्रॉन व्यासाच्या पृष्ठावर सर्वत्र ५० गिगापास्कल दाब धरला, तरी बल भरते सुमारे साडेतीन हजार न्यूटन, म्हणजे साडेतीनशे-एक किलो वजनाइतके. लहान ॲलन की घेऊन हाताने स्क्रू पिळून ते साधते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना विद्यार्थिनीने तेथील तंत्रज्ञांना विचारले, “दादा, आत किती दाब आहे हे बाहेरून कळतं कसं?” त्यांनी शब्दांत उत्तर न देता लेसरचा किरण माणकावर टाकला आणि पडद्यावरची रेषा दाखवली.

पहिल्या दाव्याचे मर्म त्या रेषेत आहे. माणिक लेसरखाली तांबडे चमकते. साध्या दाबाला त्याच्या मुख्य रेषेची तरंगलांबी ६९४.२ नॅनोमीटर असते आणि दाबाबरोबर ती वाढत जाते. प्रचलित मापनश्रेणीप्रमाणे ५० गिगापास्कलला ती सुमारे ७११ नॅनोमीटरवर पोहोचते. परंतु याच श्रेणीची दोन रूपे वापरात आहेत, एक माध्यम मऊ असताना लागू करायचे आणि दुसरे नमुना कठीण माध्यमात दाबला जात असताना. ७११ नॅनोमीटरच्या एकाच वाचनातून पहिले रूप ५० गिगापास्कल देते, तर दुसरे सुमारे ४८.५. त्यात छिद्राच्या मध्यापासून कडेपर्यंत दाब बदलत जातो ही अडचण मिळवली, म्हणजे निरनिराळ्या प्रयोगांत संक्रमणाचा दाब ४६, ५० किंवा ५४ असा का येतो याचे बरेचसे स्पष्टीकरण मिळते. म्हणून ‘सुमारे’ हा शब्द त्या वाक्यात राहायलाच हवा होता; शिवाय कोणते माध्यम आणि कोणती श्रेणी, याची नोंदही सोबत असायला हवी होती. या मुद्द्यावर मतभेद होण्यासारखे काही नव्हते आणि आम्ही पुढे गेलो.

सहा रेषांची साक्ष

चुंबकत्व नष्ट झाल्याचा मुख्य पुरावा मॉसबावर वर्णपटाचा. लोह-५७ या समस्थानिकाचे अणुकेंद्र १४.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण शोषते. स्रोत काही मिलिमीटर प्रतिसेकंद इतक्या वेगाने पुढे-मागे हलवला, की डॉप्लर परिणामामुळे त्या किरणांची ऊर्जा किंचित सरकते आणि अणुकेंद्राला नेमकी कोणती ऊर्जा मानवते हे अत्यंत बारकाईने कळते. अणूच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनांमुळे केंद्रावर चुंबकीय क्षेत्र पडत असेल, तर शोषणाची एक रेषा फुटून तिच्या सहा होतात. साध्या परिस्थितीतल्या हेमटाइटमध्ये हे क्षेत्र सुमारे ५१.७ टेस्ला असते आणि पहिल्या व सहाव्या रेषेतले अंतर १६ ते १७ मिलिमीटर प्रतिसेकंद भरते. नैसर्गिक लोहात लोह-५७ जेमतेम २ टक्के असते, आणि हिऱ्यांमध्ये मावणारा नमुना इतका लहान, की या कामासाठी मुद्दाम लोह-५७ने समृद्ध केलेला नमुना घ्यावा लागतो.

मोशे पास्टर्नाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली ८० गिगापास्कलच्या आसपासपर्यंत असे वर्णपट घेतले आणि जोडीला विद्युतरोधही मोजला. ५० गिगापास्कलच्या आसपास सहा रेषांचा संच मावळू लागतो, त्याच्या जागी दोन रेषांची अरुंद जोडी येते आणि रोध कोसळतो. काही दाबांच्या पट्ट्यात दोन्ही आकृती एकत्र दिसतात. मॉट निरोधकाची चौकट मोडली, इलेक्ट्रॉन मोकळे झाले आणि लोहाचे परिबल गेले, असा अर्थ त्यांनी लावला; नव्या अवस्थेत लोहाची एकच जात आहे, असेही त्यांनी मांडले. त्याच सुमारास घनफळात जवळपास १० टक्क्यांची घट होते, हेही क्ष-किरण विवर्तनातून, म्हणजे स्फटिकावरून विखुरणाऱ्या क्ष-किरणांच्या आकृतीतून, माहीत होते.

विद्यार्थिनीचा प्रश्न सरळ होता. “मॅडम, सहा रेषा गेल्या म्हणजे चुंबकत्व गेलंच की. आणखी काय दाखवायला पाहिजे?”

हा प्रश्न या सगळ्या अभ्यासाचा गाभा आहे, म्हणून त्याचे उत्तर सावकाश द्यावे लागते. मॉसबावर केंद्राची उत्तेजित अवस्था सुमारे १०० नॅनोसेकंद टिकते. तेवढ्या काळात परिबल एकाच दिशेला स्थिर राहिले तर केंद्राला क्षेत्र जाणवते आणि सहा रेषा उमटतात. परिबल शाबूत असूनही ते झपाट्याने दिशा बदलत असेल, तर केंद्राला त्याची सरासरी, म्हणजे शून्य, जाणवते आणि सहा रेषा दिसत नाहीत. लोखंड तापवून त्याच्या संक्रमण तापमानापलीकडे नेले, तर हेच होते; म्हणून तेथे परिबल नाहीसे झाले असे कोणी म्हणत नाही. तेव्हा सहा रेषांचे जाणे एवढेच सिद्ध करते की त्या तापमानाला स्थिर चुंबकीय रचना राहिलेली नाही. रचना मोडली की परिबलच संपले, हे ठरवण्यासाठी दुसरा साक्षीदार लागतो.

तो साक्षीदार म्हणजे क्ष-किरण उत्सर्जन. लोहाच्या आतल्या कवचात पोकळी निर्माण केली, की ती भरताना निघणाऱ्या एका विशिष्ट रेषेच्या शेजारी एक दुय्यम रेषा दिसते, आणि तिची तीव्रता ३डीमधल्या जोडी न जमलेल्या इलेक्ट्रॉनांवर अवलंबून असते. ही घटना इतक्या अल्प काळात घडते, की परिबल दिशा बदलत असले तरी ते पकडले जाते. थोडक्यात, मॉसबावर पद्धत परिबलांची शिस्त पाहते, तर उत्सर्जन पद्धत परिबल आहे की नाही, हे पाहते.

दोन साक्षीदारांचे जबाब जुळत नाहीत, असे घडू शकते याचे ठळक उदाहरण लोहाच्याच दुसऱ्या ऑक्साइडचे, वुस्टाइटचे आहे. त्यात लोह दोन धनभारांचे असते. १९९७ साली पास्टर्नाक यांच्याच गटाने १०० गिगापास्कलपलीकडे नेलेल्या मॉसबावर मापनांतून त्याचे चुंबकत्व कोसळल्याचे जाहीर केले. जेम्स बाद्रो आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली क्ष-किरण उत्सर्जनाने तेच ऑक्साइड १४३ गिगापास्कलपर्यंत तपासले, तेव्हा लोह शेवटपर्यंत उच्च-स्पिन अवस्थेतच आढळले. या दोन निष्कर्षांतला एक खोटा ठरवण्याची घाई करण्याचे कारण नाही. दोन प्रयोगांत दोन वेगळ्या राशी मोजलेल्या आहेत. हे उदाहरण मी विद्यार्थिनीला अहवालाच्या मुख्य भागात घ्यायला सांगितले. हेमटाइटवरच्या अहवालात वुस्टाइट कशाला, असा आक्षेप एका सहकाऱ्यांनी घेतला. मला तो पटला नाही, कारण ‘चुंबकत्व गेले’ म्हणजे नेमके काय गेले, हा प्रश्न वाचकाच्या मनात याहून स्वच्छपणे दुसरे काही उभे करू शकत नाही.

दाब आधी बळ देतो

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते, कारण ती पाठ्यपुस्तकी चित्राच्या उलट जाते. दाब वाढला की चुंबकत्व हळूहळू क्षीण होत जाते आणि शेवटी संपते, असे चित्र बहुतेक विद्यार्थ्यांच्या मनात असते. हेमटाइटमध्ये तसे होत नाही. दाबाने अणू जवळ येतात, लोह आणि ऑक्सिजन यांच्या ऑर्बिटलांचा परस्परव्याप वाढतो, आणि ऑक्सिजनमार्फत चालणारी सुपरएक्सचेंजची आंतरक्रिया अधिक घट्ट होते. म्हणून प्रतिलोहचुंबकीय रचना मोडण्यासाठी लागणारे तापमान दाबाबरोबर वाढत जाते. २६० केल्विनचे संक्रमणही वर सरकते आणि थोड्याच गिगापास्कलांत ते खोलीच्या तापमानाला ओलांडते. ५० गिगापास्कलच्या अलीकडचे हेमटाइट हे साध्या हेमटाइटपेक्षा अधिक पक्के प्रतिलोहचुंबक आहे.

मग ते कोसळते का? कारण तोच दाब दुसरीकडे आपले काम करत असतो. सहा ऑक्सिजनांच्या वेढ्यात पाच ऑर्बिटलांच्या ऊर्जा सारख्या राहत नाहीत. तीन खाली जातात आणि दोन वर चढतात. या दोन गटांतले ऊर्जेचे अंतर लोह-ऑक्सिजन अंतराच्या सुमारे पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते, त्यामुळे बंध थोडासा आखूड झाला तरी ऊर्जेचे हे अंतर झपाट्याने वाढते. वरच्या दोन ऑर्बिटलांत एकटे राहण्यासाठी मोजावी लागणारी ऊर्जा जेव्हा खालच्या तीन ऑर्बिटलांत जोड्या करून राहण्याच्या किमतीपेक्षा जास्त होते, तेव्हा पाचही इलेक्ट्रॉन खाली उतरतात. दोन जोड्या जमतात, एक इलेक्ट्रॉन एकटा उरतो आणि स्पिन ५/२ वरून १/२ वर येते. निम्न-स्पिन लोह आकारानेही लहान असते, म्हणून घनफळ घटते आणि दाबाला ही अवस्था अधिकच मानवते. संक्रमण उडी मारून होते, सावकाश होत नाही, याचे एक मुख्य कारण हे आहे. शिवाय जोड्या जमल्यावर इलेक्ट्रॉनाला शेजारच्या अणूवर जाण्यासाठी लागणारी किंमतही कमी होते, आणि मॉट निरोधकाचा पाया त्याच वेळी ढिला होतो.

इतके सगळे एकमेकांत गुंतलेले असताना आधी काय होते हा प्रश्न उरतोच : रचना बदलते म्हणून इलेक्ट्रॉन बदलतात, की इलेक्ट्रॉन बदलतात म्हणून रचना? बाद्रो यांच्या गटाने २००२ साली हेमटाइटवर विवर्तन आणि उत्सर्जन यांची सांगड घालून हे दोन बदल एकमेकांपासून सुटे करता येतात, असे मांडले. या निष्कर्षावर पुढेही चर्चा झाली. विद्यार्थिनीने अहवालात तो एका परिच्छेदात घेतला आणि मला तेवढे पुरेसे वाटले. कारण कार्यकारणाच्या या वादापेक्षा मोठी अडचण दुसरीकडेच होती.

अर्धे लोह

नव्या अवस्थेत लोहाची एकच जात आहे, हे १९९९चे गृहीतक त्या काळच्या विवर्तनाच्या आकृतींशी विसंगत नव्हते. परंतु पेरोव्हस्काइट या खनिजाच्या घराण्याची स्फटिकरचना हा पर्यायही फार पूर्वीपासून, १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून, चर्चेत होता. आणि पेरोव्हस्काइटमध्ये दोन प्रकारच्या जागा असतात, एक ऐसपैस आणि एक अडचणीची. भुकटीच्या विवर्तनात या दोन पर्यायांच्या रेषा एकमेकींच्या इतक्या जवळ पडतात, की उच्च दाबाखाली रेषा रुंदावल्यावर निवाडा करणे कठीण होते. भुकटीऐवजी एकल स्फटिक निऑनसारख्या मऊ माध्यमात दाबून सिंक्रोट्रॉनच्या (वेगवान इलेक्ट्रॉनांपासून प्रखर क्ष-किरण मिळवणाऱ्या यंत्राच्या) क्ष-किरणांनी पाहता येऊ लागले, तेव्हा चित्र बदलले. एलेना बिकोव्हा आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली असे दाखवले की ५४ गिगापास्कलच्या आसपास येणारी रचना ही विरूपित दुहेरी पेरोव्हस्काइट आहे आणि तिच्यापुढे, साधारण ६७ गिगापास्कलला, आणखी एक निराळी रचना येते.

२०१८ साली एरन ग्रीनबर्ग, इव्हान लिओनोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉसबावर, विवर्तन आणि विद्युतरोध यांची १०० गिगापास्कलपर्यंतची मापने संगणकीय सिद्धान्ताशी जोडून या दोन जागांचा अर्थ सांगितला. सुमारे ५० ते ६८ गिगापास्कलच्या दरम्यान लोहाच्या दोन जाती जवळपास समान प्रमाणात असतात. आठ ऑक्सिजनांनी वेढलेल्या ऐसपैस जागेतले लोह तीन धनभारांचे, उच्च-स्पिनच राहते. त्याचे परिबल जागच्या जागी असते. सहा ऑक्सिजनांच्या अडचणीच्या जागेतल्या लोहाचे ३डी इलेक्ट्रॉन मात्र मोकळे होतात आणि त्या जागेवरचे स्थानिक परिबल कोसळते. सुमारे ६८ गिगापास्कलनंतर तिसऱ्या रचनेत सर्वच लोह सहा ऑक्सिजनांच्या जागेत येते आणि सर्वच मोकळे होते. म्हणजे एकाच स्फटिकात, एकाच दाबाखाली, निम्मे लोह मॉट निरोधकाच्या नियमाने वागते आणि निम्मे धातूच्या. जागेनुसार घडणारे मॉट संक्रमण असे त्याचे वर्णन केले जाते.

या निष्कर्षाच्या उजेडात मूळ वाक्य पुन्हा वाचले, की त्याचा चौथा, अनुच्चारित दावा टिकत नाही. हेमटाइटचे सर्व लोह सारखेच, ही साध्या दाबाची वस्तुस्थिती आम्ही नकळत ५० गिगापास्कलच्या पलीकडे घेऊन गेलो होतो.

येथे एका शंकेचे निरसन करणे भाग होते आणि ती शंका विद्यार्थिनीनेच काढली, याचा मला आनंद आहे. मॉसबावर वर्णपटात दोन जाती दिसल्या, तर तो जुन्या आणि नव्या अवस्थांचा मिश्र नमुना नसेल कशावरून? छिद्रात दाब सर्वत्र सारखा नसतो, त्यामुळे मध्यभागी संक्रमण झाले आणि कडेला व्हायचे आहे, असे सहज घडू शकते. याचे उत्तर दोन गोष्टींत आहे. मिश्रण असेल तर दाब वाढवत नेल्यावर एका जातीचे प्रमाण सतत घटत जाईल आणि दुसरीचे वाढत जाईल; एकाच रचनेतल्या दोन जागा असतील तर त्या रचनेच्या संपूर्ण दाबपट्ट्यात प्रमाण एकास एक टिकून राहील. दुसरे असे, की मिश्रणात विवर्तनाला जुन्या कोरंडम रचनेच्या रेषाही दिसत राहतील. दोन्ही कसोट्या एकत्र लावल्या तरच निर्णय होतो. एकट्या मॉसबावर वर्णपटाने तो होत नाही. विद्यार्थिनीने या कसोट्यांची चर्चा स्वतःच्या शब्दांत केली आणि संपूर्ण अहवालात मला सर्वांत आवडलेले पान तेच आहे.

धातू या शब्दालाही मर्यादा घालावी लागली. रोध कोसळतो हे खरे, पण ५० गिगापास्कलपलीकडचे हे द्रव्य तांब्यासारखा धातू नव्हे. सिद्धान्ताच्या हिशेबात त्याच्या इलेक्ट्रॉनांचे परिणामी वस्तुमान, म्हणजे हालचालीत जाणवणारे वस्तुमान, साध्या हिशेबातील मूल्याच्या सुमारे चार ते सहा पट येते. परस्पर प्रतिकर्षणाच्या ओझ्याखालीच ते फिरतात. जागेवर खिळलेले निम्मे लोह शेजारी असताना याहून सुटसुटीत वहनाची अपेक्षाही करता येत नाही.

अहवालात अखेर पुढील मजकूर गेला : “खोलीच्या तापमानाला सुमारे ५० गिगापास्कल दाबाखाली हेमटाइटची कोरंडम रचना मोडते, घनफळ जवळपास १० टक्क्यांनी घटते आणि विद्युतरोध कोसळतो. नव्या रचनेत लोहाच्या दोन जागा असतात. त्यांपैकी सहा ऑक्सिजनांच्या जागेतील लोहाचे स्थानिक परिबल कोसळते, तर आठ ऑक्सिजनांच्या जागेतील लोहाचे टिकून राहते. सुमारे ६८ गिगापास्कलच्या पुढे सर्व लोह पहिल्या प्रकारचे होते.” वाक्य लांबले, हे खरे, पण आता त्यातल्या प्रत्येक विधानाशेजारी कोणत्या मापनावरून ते केले, हे लिहिता येते.

तापमान आणि खोली

त्या मजकुरातले ‘खोलीच्या तापमानाला’ हे शब्द मी मुद्दाम घालायला लावले. पृथ्वीच्या पोटात ५० गिगापास्कल दाब जेथे आहे, तेथे तापमान २००० केल्विनच्या आसपास असते. इतक्या तापमानात चुंबकीय रचना टिकण्याचा प्रश्नच येत नाही, मग परिबल असो वा नसो. त्यामुळे ‘खोल प्रावरणात हेमटाइटचे चुंबकत्व नष्ट होते आणि म्हणून भूचुंबकीय क्षेत्रावर परिणाम होतो’, अशी जी ओळ मसुद्याच्या प्रस्तावनेत होती, ती पूर्णपणे काढावी लागली.

प्रावरणातल्या चुंबकत्वाचा खरा प्रश्न त्याहून बराच वर आहे. मुंबईकराला भूचुंबकत्वाच्या मापनाची परंपरा माहीत असते : कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या आणि शहरात विजेवरच्या ट्राम येऊ घातल्यावर १९०४ मध्ये त्या अलिबागला हलवाव्या लागल्या. अशा नोंदींतून पृथ्वीच्या गाभ्याचे क्षेत्र आणि वरच्या कवचातल्या खडकांचे क्षेत्र वेगळे काढले जाते, आणि मधले प्रावरण चुंबकीयदृष्ट्या मूक आहे असे दीर्घकाळ धरले गेले, कारण मॅग्नेटाइट सुमारे ५८० अंश सेल्सिअसच्या वर आपले चुंबकत्व गमावते. २०१९ साली इलिया कुपेन्को आणि सहकाऱ्यांनी हेमटाइटच्याच ऑक्साइडावर ९० गिगापास्कल आणि १३०० केल्विनपर्यंत सिंक्रोट्रॉनच्या साहाय्याने मॉसबावर मापने केली. दाबाने सुपरएक्सचेंज घट्ट होतो, ही वर सांगितलेली गोष्ट येथे कामी येते : खोल बुडणाऱ्या भूपट्टांच्या थंड भागांत, ४१० ते ६६० किलोमीटरच्या संक्रमण-पट्ट्यात, हेमटाइट सुमारे १२०० केल्विनपर्यंत चुंबकीय राहू शकते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तेथे दाब साधारण १४ ते २४ गिगापास्कल असतो, म्हणजे कोरंडम रचना अजून शाबूत असते. पश्चिम पॅसिफिकखाली असे थंड भूपट्ट आहेत.

म्हणून अहवालाची मांडणी शेवटी दोन स्वतंत्र प्रकरणांत झाली. ५० गिगापास्कलचे संक्रमण इलेक्ट्रॉनांच्या वहनाशी आणि घनतेशी जोडले गेले, कारण १२०० किलोमीटर खोलीवर त्याच दोन गोष्टींना अर्थ आहे. चुंबकत्वाचे प्रकरण २४ गिगापास्कलवर थांबवले आणि त्याच्या आलेखात आडव्या अक्षावर दाब, उभ्या अक्षावर संक्रमण तापमान, आणि त्यावर थंड व उष्ण अशा दोन भूपट्टांच्या तापमानरेषा काढल्या. थंड भूपट्टाची रेषा संपूर्ण पट्टाभर संक्रमण तापमानाच्या खाली राहते.